मामा तलावातली बेशरम आणि जलकुंभी: काढायची कधी, कशी, आणि त्या जागी लावायचं काय

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत माजी मालगुजारी, म्हणजेच मामा, तलाव हजारोंनी आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर आजही धानाच्या बांध्या भिजतात आणि ढिवरांची, म्हणजे मासेमार समाजाची, चूल पेटते. गेल्या काही दशकांत यांतल्या बऱ्याच तलावांच्या काठाला बेशरमेच्या झुडपांनी वेढा घातला, काहींवर जलकुंभी (जलपर्णी) पसरली, आणि पाण्याखाली थाई मागूर नि तिलापिया हे मासे शिरले. हे सगळे बाहेरून आलेले. बेशरम आणि जलकुंभी दक्षिण अमेरिकेतल्या, तिलापिया आणि तथाकथित थाई मागूर आफ्रिकेतले. आपल्या पाण्यात त्यांना रोखणारं फारसं कोणी नाही.

तलाव साफ करायचा म्हटलं की गाव एक दिवस श्रमदान करतं, फोटो निघतात, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत काठ पुन्हा हिरवागार होतो. कष्ट कमी पडतात म्हणून असं होत नाही. चुकीच्या महिन्यात काढलं जातं, मुळी आत राहते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपलं काही लावलं जात नाही. म्हणून खाली काढण्याइतकंच लावण्याबद्दलही लिहिलं आहे.

आधी तलाव कोणाचा ते बघा

बहुतेक लहान मामा तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे आहेत, मोठे राज्य शासनाकडे. मासेमारीची लीज सहसा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असते. पाण्यावर हक्क बांधीवाल्या शेतकऱ्यांचा, आणि निस्तार पत्रकात गावाचे गुरं पाजण्यापासूनचे हक्क नोंदलेले असतात. यांतला एक जरी घटक विचारल्याविना राहिला तर काम अर्ध्यात अडतं. तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, कधी उघडायचं, पाणी किती ठेवायचं यावर शेतकरी आणि ढिवर यांची ओढाताण जुनीच आहे. तलावसफाई त्या भांडणात सापडू देऊ नका.

म्हणून पहिली बैठक ग्रामसभेची. तिथे मच्छीमार संस्था, पाणी घेणारे शेतकरी आणि गुराखी असायलाच हवेत. जैविक विविधता कायदा 2002 नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच असते, पण ठराव तिच्यामार्फत घेतला की पुढचा पत्रव्यवहार सोपा जातो. गोंदिया-गडचिरोलीत ज्या ग्रामसभांना वनहक्क कायदा 2006 खाली सामूहिक हक्क मिळाले आहेत त्यांनी आपला दावा काढून बघावा. त्या कायद्यात मासे आणि पाणवठ्यातल्या इतर उपजांवरचा हक्कही येतो. ठरावाची प्रत लघुपाटबंधारे कार्यालयात द्या आणि पोच घ्या. मजुरी रोजगार हमीतून बसते का, हे त्याच वेळी विचारा. कामाचा आराखडा आधी मंजूर लागतो. मार्चमध्ये धावाधाव करून काही होत नाही.

दिवाळीनंतर एक फेरी

तलाव भरलेला असताना पाळीवरून आणि डोंग्यातून एक फेरी मारा. सोबत गावातले वयस्क ढिवर आणि ढिवर बाया हव्यातच. कोणत्या कोपऱ्यात पूर्वी कमळ होतं, कुठे देवधान (रानटी भात) उगवायचं, मरळ कुठे पिल्लं घेऊन फिरायची, हे त्यांच्याच डोक्यात आहे आणि ते कागदावर यायला हवं. हाताने काढलेला नकाशा पुरतो. त्यावर येवा (पाणी आत येण्याची वाट), सांडवा, तुडूम, बेशरमेचे पट्टे, जलकुंभीचे पुंजके आणि शिल्लक देशी वनस्पतींचे तुकडे दाखवा. पट्ट्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजून लिहा. चार पक्क्या जागा ठरवून, झाडाला खूण करून, तिथूनच फोटो काढा. दरवर्षी त्याच जागेवरून पुन्हा काढायचे.

येव्याच्या नाल्यातून वर चालत जा. वरच्या बोडीत (लहान तळ्यात) किंवा नाल्यात बेशरम असेल तर आधी तिथून सुरुवात करावी लागेल. बेशरमेची काडी पोकळ असते, पुरात तरंगत खाली येते आणि चिखलाला टेकली की मूळ धरते. वर ठेवून खाली काढणं म्हणजे शुद्ध मजुरीची नासाडी.

बेशरम: मुळासकट, मऊ चिखलात

बेशरम काढायची खरी वेळ थोडीच असते. रब्बीला किंवा उन्हाळी धानाला पाणी सोडल्यावर तलाव मागे सरकतो आणि काठ उघडा पडतो. त्या काठाचा चिखल घोट्यापर्यंत पाय जाईल इतका मऊ असतो तेव्हा झुडूप मुळासकट निघतं. हे साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिल. त्याआधी पाणी जास्त, त्यानंतर चिखल तडकून दगडासारखा होतो. मग कितीही ओढा, काडी तुटून हातात येते आणि बुंधा आतच राहतो. प्रत्येक काठ एकाच दिवशी तयार होत नाही. पाणी जसं उतरेल तसं पट्ट्या-पट्ट्याने खाली जायचं.

एका झुडपाशी काम असं होतं. आधी लांब काठीने झुडूप हलवायचं, कारण या गर्दीत साप हमखास असतो, घोणससुद्धा. मग विळ्याने वरच्या काड्या कमरेइतक्या उंचीवर कापून लगेच बाजूला घ्यायच्या. पाण्यात एकही पडू द्यायची नाही. उरलेल्या खुंटांच्या भोवती सब्बलीने चिखल सैल करायचा. दोघींनी बुंधा धरून हलवत हलवत, एका झटक्याने नव्हे, वर घ्यायचा. मूळ बाहेर आल्यावर त्याला चिकटलेला चिखल तिथेच झटकायचा, आणि खड्ड्यात हात घालून आडव्या गेलेल्या काड्या चाचपायच्या. चिखलात दबलेल्या काडीच्या प्रत्येक पेराला पांढरी मुळं फुटलेली सापडतात. ती काडी तिथे राहिली तर जुलैत तिथेच नवं बेट. या चाचपण्यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. मजुरीचं मोजमाप काढलेल्या ढिगावर न ठेवता साफ झालेल्या जागेवर ठेवा, म्हणजे घाई होत नाही.

चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. हातमोजे आणि गमबूट असतील तर उत्तम, नसतील तर निदान जाड फडकं तरी. एप्रिलात काम पहाटे सुरू करून दहाच्या आत संपवा. विदर्भाच्या उन्हात त्यानंतर चिखलात वाकून उभं राहणं जिवावर बेततं. बकऱ्या कामाच्या जागेपासून दूर ठेवा. बेशरमेत स्वेनसोनिन नावाचं विष असतं. सतत खाणारी बकरी खंगते, मान थरथरते, मागचे पाय लुळे पडतात, आणि एकदा चटक लागली की ती हेच खायला धावते.

जेसीबीचा मोह होतो, कारण एका दिवसात काठ मोकळा दिसतो. पण जेसीबीच्या बादलीत काडीचे तुकडे होतात आणि साखळीखाली दाबले जातात. एका झुडपाची दहा होतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मधून तलावाचा गाळ काढणार असाल तर बेशरम आधी हाताने काढा, गाळ नंतर. नाहीतर तिचे तुकडे गाळासोबत थेट बांधीत पोचतात. गाळ काढतानाही काठाचा उथळ उतार खरवडून सरळ भिंत करू देऊ नका, आणि नकाशावर दाखवलेले देशी वनस्पतींचे तुकडे दोरी बांधून वगळा. त्या चिखलात कमळाचे कंद आणि देवधानाचं बी आहे. ते ट्रॉलीत गेलं की परत आणणं अवघड.

काढलेल्या मालाचं काय

ढीग पाळीवर टाकून घरी जाऊ नका. ओल्या पाळीवर पडलेली बेशरमेची काडीही मूळ धरते. पाण्यापासून दूर, पुराचं पाणी पोचणार नाही अशा उघड्या टेकराळ जागी पातळ पसरवा. एप्रिल-मेचं ऊन ती पूर्ण मारतं. आठवड्याने एकदा उलटा. काडी मोडल्यावर कट्कन तुटली आणि आत हिरवं दिसलं नाही, म्हणजे मेली. बुंधे जाड असतात, त्यांना जास्त दिवस लागतात. पावसाआधी सगळं सुकलंच पाहिजे, म्हणून मेच्या मध्यानंतर नवीन काढणी करू नये असं माझं मत आहे. कुंपणासाठी ओल्या काड्या नेऊ देऊ नका, कारण ते कुंपण पुढच्या वर्षी जिवंत होतं.

तणनाशक मारा असा सल्ला दुकानातून हमखास मिळेल. ऐकू नका. या पाण्यात गुरं उतरतात, बाया कपडे धुतात, मासे वाढतात. शिवाय मेलेली वनस्पती पाण्यातच कुजते आणि कुजताना विरघळलेला प्राणवायू खाते. उन्हाळ्याच्या तोकड्या पाण्यात त्यामुळे सकाळी मासे वर तोंड काढून मरतात.

जलकुंभी: आधी खत कुठून येतं ते शोधा

जलकुंभी सांडपाण्यावर आणि शेतातून वाहून आलेल्या खतावर पोसते. भंडाऱ्याजवळ वैनगंगेवर ती का माजते, याचं उत्तर वर नागपुरात आहे: नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत येतं आणि गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात पाणी थांबतं. अकोल्यात जानेवारी 2018 मध्ये मोर्णा नदीच्या सफाईला हजारो लोक उतरले. देशभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण नाल्यांचं पाणी नदीत येत राहिलं, तशी जलकुंभीही परत आली. तुमच्या तलावात गावाची गटारं उतरत असतील तर त्यांच्या तोंडाशी शोषखड्डे किंवा छोटं साठवण डबकं करा. हे काम जलकुंभी काढण्याच्या आधीचं.

चांगलं ऊन आणि खत मिळालं की ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून थोडी असतानाच काढणं स्वस्त. एक रोप उचलून बघा. फुगीर देठांच्या तळातून एक आडवा धावता फुटवा निघतो आणि त्याच्या टोकाला पिल्लू. जरा ओढलं की फुटवा तुटतो, पिल्लू सुटून वाहत जातं. म्हणून ओढून न काढता, खालून काटा-पंजा किंवा जुनं जाळं घालून अख्खा पुंजका उचलायचा. वाऱ्याने ती एका बाजूला गोळा होते. त्या दिवशी मोकळ्या बाजूने बांबू बांधलेला दोर आडवा लावा आणि डोंग्यातून काठाकडे ओढत आणा. शेवटी दोराबाहेर सुटलेली एकेक रोपं वेचणारी दोन माणसं नेमा, आणि पुढचे तीन आठवडे त्यांनाच पुन्हा फेरी मारायला लावा. उन्हाळ्यात पाणी सर्वात कमी असतं तेव्हा हे काम करावं, शक्यतो जांभळी फुलं धरायच्या आत. बी चिखलात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकतं. तलाव कोरडा पडला म्हणून जलकुंभी संपली असं समजू नका.

तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. काठावर चार-पाच दिवस सुकवली की ढीग एकदम बसतो आणि वाहतूक सोपी होते. मग तुकडे करून, शेणकाल्याच्या थरांत, चांगलं तापणारं कंपोस्ट करता येतं. मात्र फुललेल्या रोपांचं खत तलावाच्या येव्यातल्या शेतात टाकू नका. शहराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढलेल्या जलकुंभीचं खत तर खाण्याच्या पिकाला मुळीच नको, ती गुरांनाही घालू नका. ती पाण्यातले जड धातू शोषून ठेवते.

जलकुंभी खाणारे सोंडे किडे हा उपाय खरा आहे. 1980च्या दशकात ते तपासून भारतात आणले गेले, आणि जबलपूरचं तण संशोधन संचालनालय असं काम करतं. विदर्भाच्या सीमेलगत, मध्य प्रदेशात सारणीच्या सातपुडा जलाशयावर साल्व्हिनिया, म्हणजे लोक जिला चायनीज झालर म्हणतात, ती पसरली तेव्हा तिथेही किडेच कामी आले. पण किड्यांना वेळ लागतो आणि बारमाही पाणी लागतं. दर उन्हाळ्यात आटणाऱ्या लहान मामा तलावात ते टिकत नाहीत. मोठ्या जलाशयासाठी चौकशी करा, बोडीसाठी हातच बरे.

मोकळ्या जागेत देशी वनस्पती

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या ढिवर महिलांनी तलावांतून बेशरम उपटली आणि नंतर तिथे देशी पाणवनस्पती लावल्या. माझ्या मते विदर्भातल्या तलावकामाचा सगळ्यात महत्त्वाचा धडा हा आहे. पाणवनस्पतींच्या आडोशाला मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, कीटक वाढतात. काठावर देवधान आणि कंद असले की पाखरं येतात. गोंदियाचे मोजके उरलेले सारस अशाच उथळ पाण्यावर जगतात. आणि काठ आपल्या वनस्पतींनी भरला की बेशरमेच्या काडीला टेकायला उघडा चिखल मिळत नाही.

लागवडीचा माल त्याच तालुक्यातल्या, बेशरम-जलकुंभी नसलेल्या तलावातून आणा. लांबून आणला तर नवं तण सोबत येतं. आणल्यावर प्रत्येक जुडी पांढऱ्या घमेल्यात स्वच्छ पाण्यात हलवून बघा. झालरीचा किंवा जलकुंभीचा नखाएवढा तुकडाही दिसला तर वेगळा करून उन्हात टाका. दाता तलावातून एका जागेचं सगळं उचलायचं नाही, इथून-तिथून विरळ घ्यायचं.

मे अखेर, काठ कोरडा असताना, मोकळी जागा एकदा नांगरून घ्या. उरलेल्या बेशरमेच्या मुळ्या वर येतात, त्या वेचता येतात. लागवड पाऊस लागून काठावर पाणी धरल्यावर. अगदी कडेला, वीतभर पाण्यात, देवधान आणि लव्हाळ्यासारखी उभी वाढणारी. गुडघाभर पाण्यात पोयणी आणि तिच्या जातीच्या तरंगत्या पानांच्या वनस्पती. त्याहून खोल हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरियासारख्या बुडून राहणाऱ्या. मुळाभोवती चिकणमातीचा गोळा दाबायचा आणि पायाच्या अंगठ्याने चिखलात रोवायचा. रोवणी करणाऱ्या बायांना हे शिकवावं लागत नाही. हायड्रिलाचे तुकडे मातीत दाबले तरी लागतात. रोप पाण्यावर तरंगलं तर पुन्हा रोवा. पाणी झपाट्याने चढत असेल तर आठवडाभर थांबा. कोवळं रोप एका रात्रीत चार फूट बुडालं की गढूळ पाण्यात मरतं.

कमळ थोडंच लावा. सुंदर आहे, फुलांना भाव आहे, पण एकट्याने सगळा तलाव व्यापतं. शिंगाड्याचं उत्पन्न चांगलं, मात्र त्यावर कीटकनाशक फवारायचं नाही हे संस्थेने आधीच ठरवावं.

पहिल्या पावसाळ्यात लागवडीच्या पट्ट्यात गुरं नकोत. त्यांच्यासाठी पाण्याला उतरायची एक वेगळी वाट मोकळी ठेवा, नुसती बंदी टिकत नाही.

आणि मासे

नवी लागवड केलेल्या तलावात गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडू नका. तो चीनकडचा, 1959 मध्ये भारतात आणलेला, आणि कोवळी पाणवनस्पती हेच त्याचं खाणं. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतो, रोपं उखडतो, पाणी गढूळ करतो. निदान पहिली दोन वर्षं कतला, रोहू, मृगळ एवढ्यावर भागवा आणि देशी बारीक मासळी वाढू द्या. गवत्या जलकुंभी खाऊन संपवेल ही आशाही ठेवू नका. जलकुंभी त्याला आवडत नाही.

बोटुकली, म्हणजे बोटभर मत्स्यबीज, घेताना पिशवी पाण्यात सोडण्याआधी थोडी घमेल्यात ओतून, जाणत्या माणसाने बघायची. तिलापिया, जिला काही जण चिलापी म्हणतात, ती 1952 मध्ये देशात आली. दोन-तीन महिन्यांत वयात येते आणि अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून तिची वीण वाया जात नाही. थोड्या काळात तलाव बोटभर चिलापींनी भरतो आणि बाकी मासे खुंटतात.

थाई मागूर पाळण्यावर केंद्र शासनाने 2000 मध्येच बंदी घातली, पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेही साठे नष्ट करायला सांगितलं. तरी तो बाजारात दिसतो. देशी मागूर आता संकटग्रस्त आहे, म्हणून ओळख पक्की हवी. वरून बघताना डोक्याच्या कवचाची मागची कडा देशी मागुराची व्ही अक्षरासारखी, थाईची डब्ल्यूसारखी. दोन-तीन किलोचा मागूर जाळ्यात आला तर तो देशी नव्हे. तो हवेतून श्वास घेतो, चिखलात तग धरतो, ओल्या जमिनीवरून सरकतो. त्यामुळे उन्हाळ्यात तलाव आटला की शेवटची डबकीसुद्धा जाळ्याने पिंजून काढा. सापडलेला थाई मागूर जिवंत दुसऱ्या पाण्यात नेऊ नका.

डासांच्या अळ्यांसाठी गप्पी आणि गॅम्बुसिया मासे घराच्या टाक्यांत ठीक, तलावात नको. देशी माशांची अंडी-पिल्लं तेही खातात. घरच्या काचपेटीतले मासे आणि कासवंही तलावात सोडायची नाहीत.

पुढची तीन वर्षं

पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी पहिली फेरी. बेशरमेची रोपं तेव्हा वीतभर असतात, दोन बोटांनी निघतात. पोळ्याच्या सुमारास दुसरी, दिवाळीनंतर तिसरी, त्याच चार जागांवरचे फोटो घेऊन. दुसऱ्या उन्हाळ्यात काढायला थोडंच निघेल, पण तेवढंही मुळासकट निघालं पाहिजे. दुसऱ्या तलावातून आलेली जाळी आणि डोंगे कडक उन्हात सुकवल्याशिवाय पाण्यात उतरवू देऊ नका.

जाळ्यात काय आलं ते संस्थेच्या वहीत जातीनिशी, ढिवरी नावांनी लिहा आणि तीच नोंद गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत चढवा. लीज नव्याने होताना संस्थेच्या ठरावात तीन अटी घालून घ्या: थाई मागूर, तिलापिया आणि गवत्याचं बीज सोडायचं नाही, लागवडीच्या पट्ट्यात ओढजाळं फिरवायचं नाही, आणि दर मार्चमध्ये काठाची बेशरम काढण्याचा खर्च संस्थेच्या अंदाजपत्रकात धरायचा.